बीबीला डॉक्टर का टिकत नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात प्रसादातून विषबाधा झाली. तालुक्यातील बीबी गावच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून बाहेर रस्त्यावर दोरीला सलाईन टांगून शेकडो लोकांवर उपचार झाले. त्या दोरीमागे खेड्यातल्या डॉक्टरांच्या तुटवड्याचा जुना इतिहास आहे. लोणार ज्या वऱ्हाडात येते, त्या प्रांतात नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ पासून परवानाधारक, म्हणजे पदवीपेक्षा छोटा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर घडवत होते. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशातील ४७,५२४ डॉक्टरांपैकी २९,८७० परवानाधारक होते. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी सुचवली. काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला. माझ्या मते विरोधकांचेच बरोबर होते. मधली पायरी काढली, पण पदवीधराला गावी थांबवणारी सोय उभारली नाही.

खेड्याला कमी शिकलेला डॉक्टर का, हा आक्षेप रास्तच आहे. पण डॉक्टर जवळ नसेल, तर त्याच्या पदवीचा रुग्णाला काय उपयोग? शिवाय कमी शिकलेल्यांनाही आधार देता येतो: डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडमध्ये अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, आणि त्यांच्या पाठीशी पूर्ण शिकलेले डॉक्टर व रुग्णालय ठेवले. आज ग्रामीण सेवेच्या सक्तीच्या बंधपत्राने डॉक्टर गावी वर्षभर येतो. मुलांची शाळा, राहते घर, जोडीला दुसरा डॉक्टर असेल तरच तो पुढे राहतो.