पायीं जाणाऱ्यांची मोजदाद

राजांच्या स्वाऱ्या, फौजांच्या मजला आणि सरदारांचे मुक्काम यांचीं टिपणें आपल्या जुन्या दप्तरांतून विपुल सांपडतात; परंतु एखादा साधा गृहस्थ रोज सकाळीं घरून कामावर कसा जात असे व किती चालत असे, याची नोंद सहसा कोणी ठेविली नाहीं. जें सर्वच करतात तें लिहून ठेवण्याजोगें कोणास वाटत नाहीं. चालणें कमी होऊं लागलें, तेव्हां कोठें चालणाऱ्यांची मोजदाद सुरू झाली.

या कामांत इंग्रज आपल्यापुढें गेले आहेत. इंग्लंडांत २०१५ सालच्या अखेरीपासून सोळा वर्षांवरील स्त्रीपुरुषांस असें विचारण्यांत येतें कीं, गेल्या अठ्ठावीस दिवसांत आपण किती दिवस सलग दहा मिनिटें तरी चाललां, किती दिवस सायकलीवर बसलां, आणि तें कामासाठीं कीं विरंगुळ्यासाठीं. आठवड्यांतून एकदां तरी चालणारे दहांत सुमारें सात निघतात. सायकलीवर बसणारा दहांत एखादा. दहा मिनिटांचें चालणें ही सरकारदरबारीं नोंदविण्याची बाब व्हावी, हें ऐकून आपल्या आजोबांस हंसूं आलें असतें. तथापि त्या प्रश्नावलींत एक शहाणपण आहे. पोंचण्यासाठीं चालणें आणि चालण्यासाठीं चालणें, यांचीं खातीं तिनें निराळीं ठेविलीं आहेत. आपल्या भाषेनें हा भेद फार पूर्वींच ओळखला होता. ज्याला आपण ‘पायपीट’ म्हणतों त्याला ‘फेरफटका’ म्हणत नाहीं. पावलें तींच, अंतरही कदाचित् तेंच. पण एकांत निरुपाय आहे आणि दुसऱ्यांत फुरसत.

या दोहोंच्या मधलें असें तिसरेंही एक चालणें होतें, आणि माझ्या मतें खरा इतिहास त्याचाच आहे. पुणें व हिंगणें यांमधल्या चार मैलांचें उदाहरण घेऊं. धोंडो केशव कर्वे हे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असत. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. पुढें प्लेगामुळें शहरांत आश्रम चालविणें दुर्घट झालें, तेव्हां रावबहादूर गोखले यांनीं हिंगण्यास दिलेल्या जागेवर झोंपडी बांधून १९०० सालीं आश्रम तेथें नेण्यांत आला. कर्वे यांचें वय त्या वेळीं बेचाळीस वर्षांचें. दिवसा कॉलेजांत शिकवावें, संध्याकाळीं आश्रमासाठीं लागणारें सामान घेऊन हिंगण्याची वाट धरावी, रात्र तेथें काढावी आणि सकाळीं पुन्हा शहर गांठावें, असा त्यांचा क्रम होता. ती वाट पावसाळ्यांत म्हणजे निवळ चिखल. पोरवयांत परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल तुडवून, ‘तूं वयानें लहान दिसतोस’ म्हणून परत पाठविला गेलेला हा मनुष्य; त्याला चार मैलांचें काय मोठें, असें कोणी म्हणेल. चरित्रकार मात्र या चालण्याकडे त्यागाचें प्रतीक म्हणून पाहतात. मला हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. त्या काळच्या पुण्यानें कर्व्यांना पुष्कळ नांवें ठेविलीं. विधवेशीं विवाह केला म्हणून ठेविलीं, विधवांस शिकवितो म्हणून ठेविलीं. परंतु कॉलेजचा प्रोफेसर रोज पायीं जातो यांत कोणास कमीपणा दिसला नाहीं. तो कोठें जातो, एवढ्यावरच शहराचा आक्षेप होता.

चालण्याला चिकटलेली ही अप्रतिष्ठा पुढची आहे, आणि ती येण्यापूर्वीं सायकलीचा काळ येऊन गेला. जॉन केंप स्टार्ले यांनीं १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें सारख्या चाकांची, सांखळीनें चालणारी सायकल काढली. १८८८ सालीं डनलॉप यांनीं तिला हवेची धांव दिली. आपल्याकडे तिला ‘पायगाडी’ असें सुरेख नांव मिळालें होतें. तें टिकलें नाहीं याची मला हळहळ वाटते. पुण्यासारख्या बव्हंशीं सपाट आणि पेठांपेठांनीं आटोपशीर अशा शहरांत हें वाहन रुजलें यांत नवल नाहीं. शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार, हे सर्व एकाच प्रकारच्या वाहनावर बसत. आणि आरंभींची टवाळी सोसून मुलीही बसूं लागल्या. मुलीच्या शिक्षणाला सायकलीनें किती हातभार लावला, हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. सायकलीवर कर होता व तो भरल्याचा बिल्ला असे; रात्रीं दिवा नसला किंवा पाठीमागें दुसरा कोणी बसविला, तर पोलिसाची गांठ पडे. ज्या वाहनावर कर आहे, कायदा आहे आणि दंडही आहे, त्या वाहनाला शहर मानतें असाच याचा अर्थ.

तें मानणें ओसरलें कसें? आळस हें लोकप्रिय उत्तर मला पटत नाहीं. पुण्याच्या वेशीपाशींच, आकुर्डीस, स्कूटरी तयार होऊं लागल्या; १९७२ सालीं लूना बाहेर पडली. स्कूटरीसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. ज्या वस्तूसाठीं इतकें थांबावें लागतें तिला मान मिळतो, आणि तिच्यावांचून राहिलेल्याचा मान तितकाच घटतो. इकडे शहर कोथरूड, हडपसर, हिंजवडी असें चहूं दिशांस पसरलें. घर एकीकडे आणि नोकरी दहा कोसांवर नसली तरी पांच कोसांवर गेली. पायांचा आवाका संपला तो येथें. २०१८ सालीं पुण्यांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येसही मागें टाकती झाली. त्याच्या आदल्या वर्षींच महापालिकेनें सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला होता, हा योगायोग मनोरंजक आहे.

आतां आपल्या मोजदादीकडे वळूं. २०११ च्या जनगणनेंत कामावर जाण्याचें साधन विचारलें गेलें. परंतु तें शेती व घरगुती उद्योग यांखेरीज इतर काम करणाऱ्यांसच. असे लोक देशांत सुमारें २० कोटी. त्यांत पायीं जाणारे सुमारें साडेचार कोटी, सायकलीनें जाणारे अडीच कोटींहून अधिक, आणि मोटारीनें जाणारे अर्ध्या कोटीच्या आसपास. स्त्रियांमध्यें पायीं जाणाऱ्यांचें प्रमाण पुरुषांहून बरेंच मोठें निघालें. ज्या रस्त्यांची आंखणी मोटारीसाठीं होते, त्या रस्त्यांचे बहुसंख्य धनी कोण, हें एवढ्यावरून दिसतें. आणि या संख्येंत शेतावर जाणारा मजूर नाहीं, हंडा घेऊन विहिरीवर जाणारी बाई नाहीं, शाळेला जाणारें पोर नाहीं. इंग्रजांची मोजणी चालण्याचा हेतु विचारते. आपली मोजणी निम्म्या चालणाऱ्यांस विचारीतच नाहीं.

हे चालणारे मोजले जातात ते दुसऱ्या एका वहींत. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. सरासरीनें हे रोज नव्वद होतात. ‘पायीं चाला, प्रकृति सुधारा’ असा उपदेश करणाऱ्या वैद्यांनीं आणि व्याख्यात्यांनीं ही वही एकदां चाळावी.

हिंगण्याच्या वाटेला आज कर्वे रस्ता म्हणतात. १९६२ सालीं, एकशेंचार वर्षांचे होऊन, कर्वे निवर्तले. २०२२ च्या मार्चपासून त्या रस्त्यावरून उंच खांबांवर मेट्रो धांवते. भल्या पहांटे तेथें दोन प्रकारचे लोक पायीं दिसतात. कांहीं जण टेकडीच्या पायथ्याशीं मोटार उभी करून, हातांत काठी घेऊन, वैद्यानें सांगितलेलीं पावलें पुरीं करण्यास निघालेले असतात. दुसऱ्या असतात धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या बाया. त्या पदपथ सोडून रस्त्याच्या कडेनें चालतात, कारण पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात.