दिनविशेष : ६ जून
१९३० : पुण्यात गोखले संस्थेची स्थापना

सार्वजनिक धोरणाला अभ्यासाची जोड देणारी ‘गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था’ ६ जून १९३० रोजी पुण्यात स्थापन झाली. रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ त्यापूर्वी सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य होते. वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची पाहणी करून त्यांनी प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन आकडेवारी जमवण्याची शिस्त घालून दिली. संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानमालेत डॉ. आंबेडकरांनी १९३९मध्ये संघराज्य योजनेवर परखड भाषण केले. गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाल्यावर त्यांच्या नावे राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे ‘गाडगीळ सूत्र’ आले. त्यात लोकसंख्येबरोबर मागासलेपणही मोजले गेले. १९९३मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मागासलेपण नेमके मोजण्याची ही गरज आजही आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला आदिवासीबहुल नंदुरबार जिल्हा २०१२च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात तळाशी होता. या जिल्ह्यातील सातपुड्यातल्या अक्कलकुवा, धडगावसारख्या तालुक्यांसाठी योजना आखायच्या, तर गाडगीळांची पाड्यावर जाऊन मोजण्याची रीत आजही उपयोगाची आहे.