स्वहस्तक्षौराचा छंद आणि लोकमत



दाढी करणें ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल ही कल्पनाच प्रथमदर्शनीं विनोदी वाटते. परंतु अलीकडे कांहीं सुशिक्षित तरुणांनीं या नित्यकर्मास छंदाचें स्वरूप दिलें आहे. साबणाची वाटी, केसांचा ब्रश, एका पात्याचें जुन्या घाटाचें रेझर, क्वचित् उघडा वस्तरा व तो परजण्याचा चामडी पट्टा, अशी सामग्री जमवून हे लोक सकाळीं बराच वेळ आरशापुढें रमलेले दिसतात. घरांतील मंडळींना याचें नवल वाटतें. कोणी हंसतात, कोणी, गळा कापून घ्याल, म्हणून धास्तावतात, आणि पांच मिनिटांच्या कामाला एवढा सोहळा कशाला, हा प्रश्न तर ठरलेलाच असतो. छंदी माणसाची तक्रार अशी कीं, आपला आनंद कोणाला कळत नाहीं. घरच्यांची तक्रार अशी कीं, न्हाणीघर मोकळें होत नाहीं.

या वादांत कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करण्यापूर्वीं इतिहासाची साक्ष काढणें बरें. माणूस स्वतःच्या गालावर पातें फिरवूं लागला म्हणजे भोवतालच्या माणसांना काय वाटतें, याचा पुरावा थोडाथोडका नाहीं. तो चाळून पाहिला असतां लोकांच्या प्रतिक्रियेचे तीन प्रकार दिसतात: एक हंसें, दुसरें भय आणि तिसरी उपजीविकेची तक्रार. या तिहींचें मोल सारखें नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम या विद्येचें प्राचीनत्व पाहूं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत वणव्याच्या रूपानें भूमि साफ करीत जाणाऱ्या अग्नीला श्मश्रु उतरविणाऱ्या वप्त्याची, म्हणजे न्हाव्याची, उपमा दिली आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत तर क्षौरविधीचें एक लहान सूक्तच आहे. त्यांत सविता क्षुर घेऊन येतो, वायूला ऊन पाणी आणण्याची विनंती केली जाते, आणि केस ओले करण्याचें काम आदित्य, रुद्र व वसु यांजकडे दिलें जातें. ऊन पाणी, ओले केस आणि धारदार पातें हा क्रम इतका जुना आहे. त्याचें कारणहि साधें आहे. दाढीचा केस कोरडा असतांना ताठ व चिवट असतो. कांहीं मिनिटें ऊन पाण्यांत भिजला कीं तो पाणी शोषून मऊ होतो आणि त्याला कापण्यास पुष्कळच कमी जोर लागतो. साबणाचा फेंस तें पाणी केसापाशीं धरून ठेवतो व पात्याला घसरण देतो. ब्रश फिरविला म्हणजे फेंस मुळाशीं पोंचतो. मग पातें सुमारें ३० अंशांच्या कोनांत, प्रथम केसांच्या दिशेनें, दाब न देतां फिरवावयाचें. हें सारें घाईनें होत नाहीं. म्हणून छंदी माणसाला लागणारा वेळ अगदींच निरर्थक नव्हे.

आतां हंसें. सम्राट् ज्युलियन हा तत्त्ववेत्त्यासारखी दाढी राखीत असे. अँटिऑक शहरच्या गुळगुळीत गालांच्या नागरिकांनीं तिची इतकी टवाळी केली कीं, इ. स. ३६३ मध्यें त्यानें ‘मिसोपोगॉन’, म्हणजे ‘दाढीद्वेष्टा’, या नांवाचा उपरोधिक ग्रंथच लिहिला. उलट रशियांत दाढी हें धर्माचें चिन्ह होतें. १६९८ सालीं पाश्चात्य देशांचा प्रवास करून परतलेल्या पीटर बादशहानें सरदारांच्या दाढ्या स्वहस्तें कापल्या, आणि पुढें १७०५ सालीं दाढीवर कर बसविला, तेव्हां गुळगुळीत गाल हेंच तेथें पाप वाटलें. एका गांवीं दाढीला हंसतात, दुसऱ्या गांवीं दाढी काढण्याला नांवें ठेवतात. यावरून हंसें हें वस्तूला नसून वेगळेपणाला असतें, हें उघड होतें.

स्वतःची दाढी स्वतः करणें हेंहि एके काळीं असेंच वेगळेपण होतें. युरोपांत प्रतिष्ठित मनुष्य न्हाव्यापुढें बसे. इंग्लंडचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें १६६४ च्या जानेवारींत स्वतः वस्तरा चालविण्यास आरंभ केला, आणि त्यांत वेळ व पैसा दोन्ही वांचतात म्हणून आपला आनंद रोजनिशींत नमूद केला. त्यापूर्वीं तो प्यूमिस दगडानें गाल घासून पाहत होता. १७६९ सालीं पॅरिसचा जाँ-जाक पेरे या कात्र्या-सुऱ्या करणाऱ्या कारागिरानें ‘ला पोगोनोतोमी’ हा ग्रंथ छापला. आपली दाढी आपण करण्याची कला शिकविणें हाच त्याचा विषय. सुताराच्या रंध्याप्रमाणें वस्तऱ्याला लांकडी आड बसवून खोल जखम होणार नाहीं अशी युक्तिहि त्यानें काढली. त्याच शतकांत बेंजामिन फ्रँकलिन यानें आत्मचरित्रांत म्हटलें आहे कीं, गरीब तरुणाला हजार मोहरा देण्यापेक्षां स्वतःची दाढी करण्यास व वस्तरा नीट ठेवण्यास शिकविलें तर त्याच्या सुखांत अधिक भर पडेल. मोहरा खर्चून जातील. परंतु न्हाव्याची वाट पाहणें, त्याचे मळके हात आणि बोथट पातें यांतून झालेली सुटका जन्मभर टिकेल.

ज्या रेझरला आज आजोबांचें रेझर म्हणतात, त्याच्या जनकालाहि हंशांतून सुटका मिळाली नाहीं. किंग कँप जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याला १८९५ सालीं कल्पना सुचली कीं, पत्र्यासारखें पातळ पातें करावें, बोथट होतांच टाकून द्यावें, म्हणजे धार लावण्याची दगदगच नको. पोलादाच्या जाणत्यांनीं सांगितलें कीं, एवढ्या पातळ पत्र्याला कठीण धार येणें शक्य नाहीं. मित्र भेटले म्हणजे, काय जिलेट, रेझर कुठवर आलें, असें विचारून थट्टा करीत; परंतु भांडवल द्यावयास कोणी पुढें होईना. अखेर विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानें तें पोलाद कठीण करण्याची रीत बसविली. १९०३ सालीं अवघे ५१ रेझर व १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं रेझरांचा खप ९० हजारांवर गेला. १९१८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं ३५ लक्ष रेझर व कोट्यवधि पातीं मागविलीं. रणांगणावरून परतलेला शिपाई तें रेझर घेऊनच घरीं आला, आणि स्वहस्तक्षौर हा सर्वसामान्य रिवाज झाला. पुढें विजेचीं यंत्रें आलीं, दोन-दोन तीन-तीन पात्यांचीं मुठी आलीं, वापरून फेकण्याचीं रेझरें आलीं. आणि घाईचा अवतार म्हणून जन्मास आलेलें एका पात्याचें साधन आज संथपणाचें प्रतीक ठरलें! काल ज्याला नवें म्हणून हंसले, त्यालाच आज जुनें म्हणून हंसतात. या हंशाला उत्तर देण्याची गरज नाहीं. तें काळाबरोबर आपोआप विरतें.

दुसरी प्रतिक्रिया भयाची. तिला मात्र कान दिला पाहिजे. सिराक्यूजचा जुलमी राजा डायोनिसियस यानें न्हाव्याच्या हातीं मान देण्याच्या भयानें आपल्या मुलींनाच श्मश्रु करण्यास शिकविलें. पुढें मुलींच्या हातांतील लोखंडाचेंहि भय वाटूं लागलें, तेव्हां तापलेल्या अक्रोडाच्या कवचांनीं केस जाळून घेण्याचा मार्ग त्यानें पत्करला, अशी हकीकत सिसरोनें दिली आहे. हें भय जुलमी मनाचें. परंतु सर्वच भय असें पोकळ नसतें. पहिल्या महायुद्धांत रशियांतून जर्मनीमार्गें येणारे बिज्जूचे केस मिळेनासे झाले, तेव्हां व्यापाऱ्यांनीं घोड्याचे केस त्यांच्यासारखे रंगवून दाढीचे ब्रश केले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नसत. परिणामीं अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे जनावरांना होणारी फाशी, हा रोग ब्रशांवाटे सैनिकांना व नागरिकांना जडला. इंग्लंड-अमेरिकेंत मिळून अशा २०० हून अधिक रोग्यांची नोंद झाली, आणि १९२० सालीं इंग्लंडनें जपानी ब्रशांची आयात बंद केली. पुढें निर्जंतुक करण्याचे नियम झाले व हा धोका ओसरला. परंतु जुन्या पद्धतीचा छंद वाढूं लागल्याचें पाहून २०१७ सालीं अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण खात्याच्या नियतकालिकांत या प्रकरणाची उजळणी करण्यांत आली. तात्पर्य असें कीं, नव्या ब्रशाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. पण त्या काळचा पुराणा ब्रश बाजारांत मिळाला म्हणून हौसेनें गालावर फिरवूं नये. घरचें माणूस असा ब्रश पाहून कां कूं करील तर त्यावर रागावूं नये.

तिसरी प्रतिक्रिया उपजीविकेची. आपल्या देशांत खरा गंभीर प्रश्न हाच आहे. फ्रँकलिननें न्हाव्याच्या मळक्या हातांचा उल्लेख केला. त्या हातांना पोट होतें याचा विचार केला नाहीं. आपल्या गांवगाड्यांत न्हावी हा बारा बलुतेदारांपैकीं एक. काखेंत धोकटी मारून तो घरोघर फिरे, आणि वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीच्या दिवसांत खळ्यावरून त्याला धान्य मिळे. याच समाजानें वारकरी पंथाला सेना न्हावी यांच्यासारखा संत दिला. तरी रोजच्या व्यवहारांत त्या हातांना मान नव्हता. त्यांच्याकडून कोणतें काम घ्यावें, हेंहि इतरच ठरवीत. पति वारल्यावर बालविधवेच्या मस्तकावर जो वस्तरा फिरे, तो न्हाव्याच्या हातचा असला तरी आज्ञा दुसऱ्याची असे. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिकांची सभा भरली, आणि विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं असा निर्धार तींत झाला. मिळकत बुडते हें ठाऊक असतांना गरीब कारागिरांनीं हा निर्धार केला. वस्तऱ्याच्या इतिहासांत याहून उज्ज्वल प्रसंग मला तरी आढळलेला नाहीं.

येथें महात्मा गांधींच्या आत्मकथेंतील एक हकीकत आठवते. दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें एका गोऱ्या न्हाव्यानें त्यांचे केस कापण्याचें तिरस्कारानें नाकारलें. विलायतेस जाऊन आलेल्या पुष्कळांप्रमाणें दाढी करण्याची कला गांधींना येतच होती. आतां त्यांनीं केस कापण्याचें यंत्र विकत घेतलें, आणि आरशापुढें उभें राहून आपले केस आपणच कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले. कोर्टांत मित्रमंडळींचा हंशा लोटला. केस उंदरांनीं कुरतडले काय, असें त्यांना विचारण्यांत आलें. हंसें त्यांनीं सोसलें. परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. त्या न्हाव्याला त्यांनीं दोष दिला नाहीं. काळ्या माणसाचे केस कापले असते तर त्याचें गोरें गिऱ्हाईक तुटलें असतें. आणि आपणहि आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बंधूंचें क्षौर करूं देत नाहीं, त्याचेंच हें फळ, असा त्यांनीं विचार केला. स्वावलंबनाचा अभिमान आणि स्वतःच्या समाजाकडे उलटून पाहण्याची दृष्टि या दोन्ही गोष्टी एका क्षौरांतून निघाल्या. आपल्याकडेहि कित्येक गांवीं दलितांना न्हाव्याच्या दुकानाचें दार बंद असे, हें विसरून चालणार नाहीं. ज्यांना तें दार बंद होतें, त्यांना स्वहस्तक्षौर ही हौस नव्हती, गरज होती.

आजचा छंदी तरुण जीं साधनें विदेशी दुकानांतून अप्रुपानें मागवितो, तीं आपल्या देशांतून कधीं हद्दपार झालींच नव्हतीं, हीहि एक मौज आहे. दुधारी पातें येथें लाखो घरांत रोज चालत आलें आहे. म्हणूनच २०१० सालीं जिलेट कंपनीला भारतासाठीं अवघ्या १५ रुपयांचें निराळें रेझर काढावें लागलें. तेव्हां पाश्चात्य देशांत जें पुनरुज्जीवन ठरतें, तें आपल्याकडे अनेक घरांत केवळ सातत्य असतें. ज्या बापानें जन्मभर त्याच पात्यानें मुकाट्यानें दाढी केली, त्याला मुलाच्या या समारंभाचें हंसूं आलें तर तें समजण्यासारखें आहे. पण त्याच बापाला मुलानें, पातें कोणत्या कोनांत धरतां, असें एकदां विचारून पाहावें. हंसणाराच पुष्कळदां उत्तम शिक्षक निघतो.

सारांश, छंदी माणसानें हंशाकडे दुर्लक्ष करावें, वैद्याचा सल्ला ऐकावा, आणि आपण जें हौसेनें करतो तें पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या कोणी पोटासाठीं केलें, हें ध्यानांत ठेवावें. महिन्यांतून एकदां तरी गल्लींतील केशकर्तनालयांत जाऊन बसावें, कारागिराला ‘अरे-तुरे’ न करतां त्याच्या हाताचें कसब पाहावें आणि योग्य मोल द्यावें. आणि घरच्यांनीं त्याचा छंद सोसावा. व्यसनांच्या या काळांत, जो मनुष्य सकाळीं थोडा वेळ हात स्थिर ठेवून, घाई टाकून, एक काम नीट करण्यास शिकतो, त्याचा राग करण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. न्हाणीघर वेळेवर मोकळें करावें, एवढी अट मात्र त्यानें पाळलीच पाहिजे.