झोटेरो

संशोधनातील संदर्भ साठवून तळटीपा व संदर्भसूची तयार करणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली. अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठात ती २००६ मध्ये फायरफॉक्सची जोडप्रणाली म्हणून सुरू झाली. असे साधन निवडताना सोयींपेक्षा नोंदी बाहेर नेण्याची मुभा महत्त्वाची मानावी, कारण प्रबंध संपला तरी संदर्भसंग्रह आयुष्यभर लागतो. झोटेरोतील नोंदी बिबटेक, आरआयएस अशा प्रचलित स्वरूपांत सहज निघतात. तिची मोफत ऑनलाइन साठवण ३०० एमबीच आहे, हा आक्षेप खरा. परंतु ती मर्यादा जोडलेल्या फायलींना आहे, नोंदींना नाही, आणि फायली स्वतःच्या संगणकावर ठेवता येतात. मराठी ग्रंथांची माहिती मात्र आपोआप नेहमीच अचूक उतरत नाही. लेखकाचे आडनाव, आवृत्ती व प्रकाशनवर्ष ग्रंथाच्या मुखपृष्ठाआतील पानाशी ताडूनच नोंद कायम करावी.