दक्षिणेचा पैसा

जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धनची देशमुखी सोडून घाट चढलेले भट घराणे पेशवेपदी पोहोचल्यावर, सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली, विद्वान ब्राह्मणांना द्यावयाची श्रावणमासातील दक्षिणा पुण्यात चालू राहिली आणि सरकारी खजिन्यातून विद्येस द्रव्य देण्याची वहिवाट रुजली. पेशव्यांचे राज्य बुडाल्यावर इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याच रकमेच्या अंशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. विद्याप्रेमापेक्षा असंतुष्ट ब्राह्मणवर्गाचे सांत्वन हाच त्यामागील प्रबळ हेतू असावा, असे मला वाटते. १८४९ साली सुधारकांनी दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठी ग्रंथांसाठी मागताच सनातनी मंडळींत गहजब उडाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि पुढे ‘दक्षिणा फेलो’ म्हणून महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा बुद्धिमान तरुण याच निधीच्या वेतनावर पाश्चात्त्य विद्येत पारंगत झाला.