बाराखडी तोंडपाठ, तरी वाचताना मूल का अडतं?

अनेक मुलं बाराखडी घडाघडा म्हणतात, पण समोर ‘बदक’ लिहिलं की अडखळतात. कारण पाठांतरात फक्त क्रम लक्षात राहतो. वाचताना अक्षर ओळखायचं, त्याचा आवाज आठवायचा आणि आवाज जोडून शब्द तयार करायचा असतो.

देवनागरीत गोंधळ कुठे होतो?
‘कि’मध्ये वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘घर’ लिहिताना ‘र’ पूर्ण असतो, बोलताना मात्र त्यातला शेवटचा ‘अ’ गळतो. म्हणून ‘घ... र...’ असं सुटं वाचणाऱ्या मुलाला ओळखीचा शब्दही सापडत नाही.

घरी काय करता येईल?
• आधी कान तयार करा. ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधायला सांगा.
• थोडी अक्षरं शिकवा आणि लगेच शब्द बनवा. म, ग, र या तीनच अक्षरांतून मग, गरम, मगर तयार होतात.
• रोज १० मिनिटं शब्दांखाली बोट फिरवत गोष्ट वाचा. मध्येच विचारा, ‘आता काय होईल?’

किती वाट पाहायची?
५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. त्यामुळे चार वर्षांच्या मुलामागे लागू नका. पण दुसरीतही साधे शब्द जमत नसतील तर शिक्षकांशी बोला. पुढे गणितातलं उदाहरणसुद्धा आधी वाचावंच लागतं.