शर्ली बेसिनच्या कुरणात

सप्टेंबर 1981. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, मिटीट्सी गावाजवळच्या एका रँचवर तुम्ही उभे आहात. शेप नावाच्या कुत्र्याने रात्री मारलेला एक प्राणी समोर पडलाय. तुम्ही वाकून पाहता. मुंगसासारखं लांबट अंग, डोळ्यांवर काळी पट्टी, पायही काळे. हा काळ्या पायांचा फेरेट. तो पृथ्वीवरून संपला, असं सगळे धरून चालले होते.

आता राजधानी शायेनला या. राज्याच्या सिनेटमध्ये जॉन टर्नर बसलेत. स्नेक नदीकाठच्या ट्रँगल एक्स रँचवर ते वाढले, मिशिगन विद्यापीठात वन्यजीवांचं शास्त्र शिकले, पांढऱ्या डोक्याच्या गरुडावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांच्या राज्यातल्या पशुपालकांना प्रेअरी डॉग, म्हणजे बिळात राहणारा खारीच्या कुळातला प्राणी, डोळ्यांसमोर नको असतो. गुरांचं गवत तो खातो. आणि फेरेट जगतो तो प्रेअरी डॉग खाऊनच. दोन्ही बाजू टर्नरांना घरच्या आहेत.

1987. रानातले उरलेसुरले फेरेट पैदाशीसाठी पकडून आणलेत. पिंजऱ्यांपाशी उभे राहून मोजा: अवघे 18. टर्नर आता सिनेटचे अध्यक्ष आहेत. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष बुश त्यांना फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याचं संचालकपद देतात.

जून 1990. ओरेगॉनमधल्या लाकूड गिरणीच्या फाटकाशी थांबा. त्यांच्या खात्याने ठिपकेदार घुबडाला कायद्याचं संरक्षण दिलंय. घुबडाची जुनी जंगलं तोडायची थांबली तर चूल कशी पेटणार, या धास्तीने कामगार खवळलेत. हा राग तुम्हालाही खोटा म्हणता येत नाही.

1991 ची शरद ऋतूतली रात्र. वायोमिंगच्याच शर्ली बेसिनमध्ये गार वारा गवतावरून वाहतोय. पिंजऱ्यात जन्मलेले 49 फेरेट या हंगामात इथे सोडले जातायत. खात्याने त्यांना ‘प्रायोगिक’ ठरवलंय, म्हणजे नियम सैल. फेरेट आला म्हणून पशुपालकाचं रोजचं काम अडणार नाही. तुमच्या पायांशी एक काळी पट्टी बिळातून डोकावते आणि अंधारात शिरते.

1993 मध्ये टर्नर पदावरून उतरतात. तुम्ही आपल्या काळात परत या, पण एवढं बरोबर आणा: ज्याच्या कुरणात प्राण्याला राहायचंय, त्या माणसाशी आधी बोलावं लागतं. शर्ली बेसिनमध्ये फेरेट आजही आहेत.